निर्णय दोघांचा, जाब एकटीला

(कोरपना येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



माझ्या विषयापुढे पत्रकात 'मूल न होऊ देणारी जोडपी' असं छापलं आहे. सकाळी चहाच्या वेळी एक जण मला म्हणाली, "ताई, हा तर पुण्या-मुंबईचा विषय. आमच्या कोरपन्यात काहून आणला?"

तिचा प्रश्न रास्त आहे. इथे आपण कपाशीच्या भावाबद्दल बोलतो, सिमेंटच्या धुळीबद्दल बोलतो, कारखान्याच्या कंत्राटी मजुरीबद्दल बोलतो. माणिकगडच्या पहाडावरच्या कोलामांच्या गुड्यांतून अडलेल्या बाईला खाली दवाखान्यात आणायचं कसं, हा आपला प्रश्न. तिथे शहरातल्या पगारदार नवराबायकोंना मूल नको असेल तर आपल्याला काय त्याचं?

मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. खरं सांगायचं तर असं वाटून घेणं माझ्या सोयीचं होतं. कारण मी स्वतःच त्यातली आहे. आम्ही नवराबायकोंनी मूल होऊ दिलं नाही. हे मी आज पहिल्यांदा माईकसमोर सांगते आहे, आणि ते सांगायला मला इतकी वर्षं का लागली, हाच माझ्या बोलण्याचा विषय आहे.

डिंक आणि डिंकाचे लाडू

सुरुवात माझ्या भाचीपासून करते. ती पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, नवराही तिथेच. लग्नाला सहा वर्षं झाली. दोघांनी ठरवलंय, मूल नको. माझी बहीण फोनवर रडते. "तूच समजाव तिला, तुझं ऐकेल." माझं ऐकेल म्हणे! चोराला पहाऱ्यावर बसवण्यातला हा प्रकार.

अशा जोडप्यांना इंग्रजीत एक नाव आहे, डबल इन्कम नो किड्स. म्हणजे दोन पगार, मुलं नाहीत. त्याचं लघुरूप होतं 'डिंक'. आपल्याकडे डिंकाचे लाडू करतात ते बाळंतिणीसाठी. तेव्हा हा शब्द मराठीत आला की आपोआप त्याची थट्टा होते, आणि थट्टा झाली की मागचा प्रश्न विचारावा लागत नाही.

मी भाचीला विचारलं, का नको? तिने जे सांगितलं त्यात चैनीचं फारसं काही नव्हतं. तिच्याबरोबर कामाला लागलेल्या दोघी बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्या तेव्हा त्यांचं चांगलं काम दुसऱ्याकडे गेलेलं होतं. पाळणाघराचा खर्च आणि घराचा हप्ता यांची बेरीज तिने कागदावर करून दाखवली. मग म्हणाली, "मावशी, नवरा चांगला आहे, पण रात्री मूल रडलं तर कोण उठणार हे मला आत्ताच माहीत आहे." आणि शेवटी म्हणाली, "आणि मला मुळात आई व्हावंसं वाटत नाही. एवढं कारण पुरत नाही का?"

हे शेवटचं कारण लोकांना सगळ्यांत जास्त टोचतं. गरिबीमुळे नको, आजारपणामुळे नको, हे समाज ऐकून घेतो. 'मला नको' हे बाईने म्हटलं की तिच्यात काहीतरी बिघाड आहे असं धरलं जातं. कारण मातृत्व ही बाईची इच्छा नसून तिचा धर्म आहे असं आपण मानतो. पुरुषाने 'मला बाप व्हायचं नाही' म्हटलं तर तो विक्षिप्त ठरेल. बाई म्हणाली तर ती बाईच उरत नाही.

भाषेकडेच बघा. 'वांझ' ही शिवी आहे, ती बाईसाठी. पुरुषाला 'निपुत्रिक' म्हणतात, त्यात हळहळ आहे. वांझ बाई सकाळी समोर आली की अपशकुन. निपुत्रिक पुरुष समोर आला तर रामराम.

माझी गोष्ट

आमचं लग्न १९८६ साली झालं. ऐंशीच्या दशकात या भागात सिमेंटचे कारखाने उभे राहत होते, आणि माझा नवरा कंत्राटी कामगारांत काम करण्यासाठी गडचांदूरला आला. मी नागपूरची. मीही आले. त्या काळात महाराष्ट्रभर चळवळीतल्या अनेक जोडप्यांनी मूल न होऊ देण्याचं ठरवलं होतं. पूर्ण वेळ काम करायचं, मानधन तुटपुंजं, आज इथे तर उद्या पोलीस कोठडीत, अशात मूल कुठे वाढवणार? आमच्या घरी विषय निघाला तो असाच, 'चळवळीसाठी' म्हणून. विषय काढला नवऱ्याने. मी हो म्हटलं. मला मूल नको आहे हे माझं मला समजायला त्यानंतर दोन-तीन वर्षं लागली. म्हणजे माझा होकार आधी आला आणि माझा निर्णय मागून आला. माझ्या नशिबाने दोन्ही जुळले. माझ्या ओळखीत अशाही मैत्रिणी आहेत ज्यांचे जुळले नाहीत. चळवळीसाठी 'हो' म्हटलं, आणि पस्तिशीत रात्री उशीत तोंड खुपसून रडल्या. त्यांच्या त्यागावर भाषणं झाली. त्यांना विचारलं कुणी नाही.

मग प्रश्न आला उपायाचा. नवरा म्हणाला, मी ऑपरेशन करून घेतो. पुरुषाचं ऑपरेशन बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपं. पोट उघडावं लागत नाही, धोका कमी, माणूस त्याच दिवशी घरी जातो. तो सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टर हसले. "आधी दोन होऊ द्या, मग या." त्याच दवाखान्याच्या व्हरांड्यात त्या दिवशी बायकांचं शिबिर होतं. सतरंजीवर ओळीने निजवलेल्या बाया, पाठीवर पोर बांधून बसलेल्या त्यांच्या सासवा. ज्याला ऑपरेशन हवं होतं त्याला परत पाठवलं. ज्यांना आणलं होतं त्यांना कुणी विचारलं असेल असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

शेवटी तांबी मी बसवून घेतली. अंगावरून जाणं, कंबरदुखी, हे सगळं माझ्या वाट्याला आलं. निर्णय दोघांचा होता, शरीर एकटीचं.

आणि जाबही एकटीला. इथे चाळीत बायका विचारायच्या, "किती वर्स झाली लग्नाले? काही नाही का?" नवऱ्याला पाच वर्षांत कुणी एकदाही विचारलं नाही. आम्ही सोपा मार्ग काढला. कुणी विचारलं की म्हणायचं, 'नाही झालं.' ठरवून नाही असं सांगितलं तर कामगारांच्या बायका दुरावतील, संघटनेचं नुकसान होईल, असं आम्ही एकमेकांना पटवलं. खोटं मी बोलायचे. तो फक्त गप्प बसायचा.

शेजारी एक बाई होती. तिच्या परवानगीने सांगते, नाव सांगत नाही. तिचा नवरा कारखान्यात गोण्या चढवायचा. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सासू दुसरी सून बघत होती. माझं 'नाही झालं' ऐकून ती माझ्याजवळ आली. तिला वाटलं, एक तरी बाई आपल्यासारखी आहे. डोहाळजेवणाला आम्हा दोघींनाही आवतण नसायचं, तेव्हा ती माझ्याकडे येऊन बसायची. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीच्या जत्रेला तिने मला नेलं. दोन नारळ घेतले, एक तिचा, एक माझा. मी देव मानत नाही, पण त्या दिवशी मी माझा नारळ मुकाट्याने वाहिला. माझ्यासाठी ती अनवाणी चालली होती.

मग एकदा माझी बहीण आली आणि तिच्यासमोरच बोलून गेली, "आता तरी विचार बदला, काढून टाक ती तांबी." चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. एका संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुमाले नको होतं म्हून नाही. मले पायजे होतं तरी नाही. मंग आपन दोघी एक कशा, ताई?"

मला उत्तर देता आलं नाही. स्त्रीमुक्तीवरची माझी सगळी पाठ भाषणं त्या दारात संपली.

दोन जुनी घरं

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी पुढे शोधत राहिले. ते मला महाराष्ट्रातल्या दोन घरांपाशी थोडं थोडं सापडलं.

पहिलं घर जोतिबा-सावित्रीबाईंचं. त्यांना मूल झालं नाही. त्यांनी तसं ठरवलं नव्हतं. त्या काळच्या रीतीप्रमाणे जोतिबांवर दुसऱ्या लग्नाचा दबाव आला. त्यांनी तो साफ नाकारला. पुढे काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला, शिकवला, डॉक्टर केला. आपण सावित्रीबाईंचं कर्तृत्व सांगतो आणि सांगायलाच हवं. पण ज्या काळात मूल न होणाऱ्या बाईच्या उरावर सवत आणणं हा पुरुषाचा हक्क समजला जायचा, त्या काळात जोतिबा आपल्या माणसांपुढे उभे राहून 'नाही' म्हणाले, हेही मुलींना सांगा.

दुसरं घर रघुनाथ धोंडो कर्वे आणि मालतीबाई यांचं. रघुनाथराव महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, जन्म १८८२ चा, मृत्यू १९५३ चा. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्या कामात मालतीबाईंची साथ होती. विल्सन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक होते. या विषयावर लिहिल्या-बोलल्यामुळे ती नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि मरेपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, त्यामागेही बाबासाहेबच होते. तो फेटाळला गेला.

या नवराबायकोंनी मूल होऊ दिलं नाही. चोरून नाही, 'नाही झालं' असं खोटं सांगून नाही. शंभर वर्षांपूर्वी, ठरवून. तेव्हा ही काही आजकालच्या कंपनीतल्या मुलींची टूम नाही, मराठी माणसाच्या घरातलीच जुनी गोष्ट आहे. आणि संततिनियमनाचं ज्ञान हे लोकसंख्या कमी करण्याचं सरकारी हत्यार होण्याआधी बाईला तिच्या शरीरावर ताबा देण्याचं साधन होतं, हेही त्या घराने सांगून ठेवलं आहे.

मात्र इथेही एक गोष्ट मनात राहते. रघुनाथरावांच्या मासिकाचे सव्वीस वर्षांचे अंक आहेत. मालतीबाईंचं असं मासिक नाही. धाडसी निर्णयाच्या इतिहासातही पुरुषाचा शब्द छापला जातो आणि बाईची संमती गृहीत धरली जाते.

तरीही दोन्ही घरांत मला एक गोष्ट सारखी दिसली. एका घरात मूल झालं नाही, दुसऱ्या घरात होऊ दिलं नाही. पण दोन्हीकडे जगाला जाब द्यायला पुरुष पुढे उभा राहिला. माझ्या घरात तसं झालं नव्हतं. माझ्या शेजारणीच्या घरातही नाही. इथे आम्ही दोघी एक होतो.

सरकारचं हो आणि सरकारचं नाही

आता आपल्या भागाकडे येते. 'मूल नको' हा निर्णय खरा केव्हा? 'मूल हवं' हा निर्णयही तितकाच मोकळा असेल तेव्हा. आपल्याकडे दोन्हींना कुलूप आहे.

आणीबाणीत, १९७६ साली, सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारी विधानसभा आपल्या महाराष्ट्राची होती. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. त्या काळात पुरुषांवर जबरदस्ती झाली, सरकार पडलं, आणि त्यानंतर कुटुंबनियोजनाचा सगळा भार गुपचूप बायकांवर सरकवला गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं आढळलं. नवऱ्याचं ऑपरेशन झालं आहे असं सांगणाऱ्या बायका किती? ०.३ टक्के. उद्दिष्टांची पद्धत १९९६ साली कागदावर रद्द झाली, तरी शिबिरं चालूच राहिली. शेजारच्या छत्तीसगडमध्ये, बिलासपूर जिल्ह्यात, नोव्हेंबर २०१४ मध्ये एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली आणि त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर १३ बायका मेल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं.

याच सरकारची दुसरी बाजू बघा. नसबंदीसाठी २००६ साली केंद्राने जी मानकं काढली त्यांत म्हटलं आहे की ऑपरेशन करून घेणारी व्यक्ती विवाहित हवी आणि जोडप्याला वर्षाच्या वरचं एक तरी मूल हवं, वैद्यकीय कारण असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे माझ्या नवऱ्याला डॉक्टर जे हसत म्हणाले तेच नियमात बसलं. तीन मुलांच्या आईला गाडीत घालून आणायचं, आणि मूल नको म्हणणाऱ्या जोडप्याला हाकलायचं. त्याच मानकांत जोडीदाराच्या संमतीची गरज नाही असंही लिहिलं आहे. ते मात्र कितीतरी दवाखान्यांत पाळलं जात नाही. बाईला 'नवऱ्याची सही आण' म्हणूनच सांगतात. हे लक्षात ठेवा आणि तिथे भांडा.

मूल हवं असणाऱ्यांची गत काय? गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली. ते संशोधन १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग आढळले, आणि त्याआधी कधी तरी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. अंगावर काढलेल्या अशा दुखण्यांतली काही पुढे गर्भनलिका बंद करतात. म्हणजे जिला आपण वांझ म्हणतो ती पुष्कळदा उपचार न मिळालेली बाई असते. आणि जवळजवळ निम्म्या जोडप्यांत दोष पुरुषाकडे, किंवा पुरुषाकडेही असतो. त्याच्या वीर्याची तपासणी साधी, स्वस्त. पण नवस बोलते बाई, उपास करते बाई, भोंदूबाबाकडे जाते बाई. पुरुष एका तपासणीला जात नाही.

अजून एक गोष्ट, या जंगलातली. नक्षलवादी दलममध्ये लग्न करायचं तर पुरुषाची नसबंदी, असं तिथून शरण आलेल्यांनी वेळोवेळी सांगितलं आहे. गडचिरोलीत शरण आल्यावर त्यांच्यातल्या काहींनी नस पुन्हा जोडून घेण्याचं ऑपरेशन केलं आणि त्यांना मुलं झाली. तिथेही कारण तेच सांगितलं जायचं, मूल झालं तर लढाईत अडचण. मी ते वाचलं तेव्हा मला आमचा १९८६ चा संवाद आठवला. अर्थात आमच्यावर कुणी बंदूक रोखली नव्हती. पण सरकार असो, संघटना असो, नाही तर सासू असो, मूल व्हावं की नाही हे जोडप्याबाहेरचं कुणी ठरवायला लागलं की तो निर्णय राहत नाही, हुकूम होतो.

कायदा काय म्हणतो

सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सुचिता श्रीवास्तव खटल्यात सांगितलं की मूल होऊ देणं आणि न होऊ देणं हा बाईच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. पण त्याच न्यायालयाने २००७ साली समर घोष खटल्यात असंही म्हटलं होतं की लग्नानंतर एका जोडीदाराने एकतर्फी मूल न होऊ देण्याचं ठरवलं तर ती मानसिक क्रूरता ठरू शकते, म्हणजे घटस्फोटाचं कारण होऊ शकतं. शब्द नवरा आणि बायको दोघांनाही लागू आहेत. तरी कौटुंबिक न्यायालयाच्या पायऱ्या चढलेल्या तुम्हा सगळ्यांना माहीत आहे की हा दगड बहुधा कुणाच्या डोक्यावर पडतो. म्हणून मुलींना सांगा, लग्नाआधी बोला. हुंड्याला नाही म्हणायला शिकवतो तसंच हेही बोलायला शिकवा.

गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' या शब्दांच्या जागी 'स्त्री आणि तिचा जोडीदार' असे शब्द आले. हे पाठ करून ठेवा, दवाखान्यात उपयोगी पडतं.

आणि मृत्युपत्र. मुलं नसलेल्या बाईने ते केलंच पाहिजे. हिंदू वारसा कायद्यानुसार मुलं नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः कमावलेली मिळकतसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. म्हणजे जिने वांझ म्हणून हाकललं त्या घराला तिचं शिलाई मशीन आणि पासबुक मिळणार! गोंड, कोलाम या अनुसूचित जमातींना हा कायदा लागू नाही. त्यांच्या रूढी वेगळ्या, म्हणून तिथे जाणत्या वकिलाला विचारून घ्या. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार हवेत.

स्वार्थ कुणाचा?

'मूल नको म्हणजे स्वार्थ' असं सगळे म्हणतात. मला वाटतं, मूल हवं म्हणण्यातही स्वार्थ असतो. म्हातारपणाची काठी हवी, वंशाला दिवा हवा, शेताला वारस हवा. आपल्या सरकारने निराधार म्हाताऱ्यांच्या पेन्शनला नावही श्रावणबाळाचं दिलं. मुलगा विचारत नाही म्हणून पेन्शन, आणि त्या पेन्शनला आदर्श मुलाचं नाव! काठ्या पुष्कळदा मोडतात हे आपण रोज बघतो.

पण शहरातल्या भाचीलाही मी दोन गोष्टी सुनावल्या. एक, तुझ्या घरी भांडी घासायला येते ती बाई दोन लेकरं घरी टाकून येते. तुझा निर्णय तुला परवडतो तो तिच्या कष्टावरही उभा आहे. मूल नको म्हणणं हा तुझा हक्क, पण ज्यांना मुलं आहेत त्यांच्यासाठी पाळणाघर, रजा, शाळा मागायला तूही रस्त्यावर आलं पाहिजेस. दुसरी गोष्ट, आपण जास्त सुधारलेल्या म्हणून पोरवड्यातल्या बायकांना नाक मुरडू नकोस. त्यांना तुझ्यासारखं 'नाही' म्हणता आलेलं नाही, आणि कित्येकींना मूल खरंच हवं होतं.

ती पुन्हा भेटते

आता माझ्या शेजारणीचं पुढचं सांगते. तिच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं. हिंदू विवाह कायद्याने १९५५ पासून ते बेकायदा आहे, पण सासूने आणि चार शहाण्यांनी ते लावून दिलं. ती बाहेर पडली, शिवणकाम शिकली, आपल्या पायावर उभी राहिली. दुसऱ्या बायकोलाही मूल झालं नाही. तेव्हाही कुणी तिच्या नवऱ्याला तपासायला नेलं नाही. त्या दुसरीलाही वांझच म्हटलं. एक दिवस ती दुसरी हिच्याकडे ब्लाऊज शिवायला आली आणि बराच वेळ बसून राहिली. आज त्या दोघी एकमेकींकडे जातात-येतात.

मागच्या दिवाळीत माझी भाची नवऱ्याला घेऊन गडचांदूरला आली. माझी शेजारीण फराळाचं घेऊन आली होती. विषय निघाला. मला धाकधूक वाटली, आता ही काय म्हणेल? ती भाचीला काहीच बोलली नाही. जावयाकडे वळून म्हणाली, "बापू, उद्या तुमची माय चार लोकांत म्हनन का सुनेतच दोष हाय. तवा तुमी काय म्हनसान?"

तो गोरामोरा झाला. कारण, नंतर कळलं, त्याच्या आईने चार लोकांत ते आधीच म्हटलं होतं आणि तो तेव्हा मोबाइलमध्ये बघत बसला होता. अगदी माझ्या नवऱ्यासारखा. त्याच्या वेळी मोबाइल नव्हता, वर्तमानपत्र होतं, एवढाच फरक.

माझा नवरा तिथेच बसला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो तिच्यासमोर म्हणाला, "आमचंही दोघांचं ठरलं होतं. मी बोललो नाही. हिलाच बोलायला लावलं." ती म्हणाली, "मले मालूम हाय, भाऊ." आणि चिवडा पुढे केला.

दारात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिने स्वतःच शोधलं होतं. माझं नसणं आणि तिचं नसणं एक नाही. ते एक आहे असं मी कधीच म्हणू नये. पण आम्हा दोघींना ज्या तराजूत घातलं तो तराजू एक आहे. बाईची किंमत तिच्या कुशीवरून करणारा. तो मोडायचा तर आम्हा दोघींना एका बाजूला यावं लागेल.

शिबिर संपल्यावर गावात गेल्यावर चार कामं करूया. 'वांझ' हा शब्द आपल्या बैठकीत कुणी वापरला तर तिथल्या तिथे थांबवूया. डोहाळजेवण, ओटी, बारसं, हळदीकुंकू यांत मूल नसलेल्या बाईला पहिलं आवतण देऊया. मूल होत नाही म्हणून कुणी बाई आली तर 'आधी नवऱ्याला तपासणीला पाठव' असं सांगूया, आणि गरज पडली तर आपणच त्याला घेऊन जाऊया. आणि नव्या लग्नाच्या जोडप्याला भेटायला गेलो तर 'पेढे कधी?' हे विचारणं सोडूया. विचारायचंच असेल तर एवढंच विचारूया, दोघं बोललात का? आणि उत्तर आधी त्याच्याकडून घेऊया.

सकाळच्या मैत्रिणीला माझं सांगणं एवढंच, बाई, हा विषय पुण्याचा नाही. मी माझं खोटं इथेच, तुमच्या चाळीत बोलले होते. म्हणून खरंही इथेच सांगावंसं वाटलं.